दारात झालेल्या सौद्याला मुदत हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गणपतीच्या आधीपासून दिवाळीचा बोनस संपेपर्यंत दारोदार माल घेऊन फिरणाऱ्यांचा हंगाम असतो. वेळही ठरलेली, सकाळी अकरा ते दुपारी चार. घरात त्या वेळी एखादे ज्येष्ठ माणूस किंवा एकटी गृहिणी असते. चादरीवाला, बोहारीण, कल्हईवाला यांच्याविषयी हे पत्र नाही. चादर हातात घेऊन, उलटसुलट करून पाहता येते आणि पटली तर घेता येते. प्रश्न आहे तो आठ-दहा हजारांपुढच्या वस्तूंचा. पाण्याचा फिल्टर, चिमणी, गादी, भांड्यांचा संच अशा या वस्तू मागाहून बसवून मिळतात किंवा हप्त्यांवर गळ्यात मारल्या जातात. 'स्कीम आजच्या दिवसापुरती आहे' हे वाक्य त्यांच्याबरोबर फुकट येते.

असा माल घेतला आणि संध्याकाळी घरच्यांनी 'कशाला घेतलंस?' म्हटले, तर परत करता येतो का? बहुतेकांना वाटते की सात दिवसांत येतोच. हा समज ऑनलाइन खरेदीतून आला आहे, आणि तिथेही ती सवलत त्या त्या कंपनीच्या धोरणाची असते. आपल्या कायद्यातले चित्र विचित्र आहे. एजंटाने घरी येऊन विमा पॉलिसी दिली, तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती नाकारता येते. मोबाइलवर डिजिटल कर्ज घेतले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. सोळा हजारांचा फिल्टर दारात घेतला, तर मात्र फक्त 'मन बदलले' म्हणून तो परत करण्याचा सरसकट हक्क कुठेच नाही.

अपवाद एकच, तोही अर्धवट. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले. या नियमांप्रमाणे थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जायचेच नाही. बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो हे सांगायचे. विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी ऑर्डर फॉर्म द्यायचा. त्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक व फोन, मालाचे पूर्ण वर्णन, तो कोणत्या देशात बनला, एकूण रक्कम, माल कधी व कुठे मिळणार हे हवे. ऑर्डर रद्द करण्याचा किंवा विकण्याजोग्या अवस्थेतला माल परत देऊन पूर्ण पैसे घेण्याचा हक्क कोणता, तेही लिहिलेले हवे. विक्रेत्याने काही घोळ केला तर जबाबदारी कंपनीवर. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने कामकाजाच्या ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची.

कागदावर हे उत्तम आहे. पण 'थेट विक्री'ची कायद्यातली व्याख्या कायमस्वरूपी दुकानाखेरीज, विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत होणाऱ्या विक्रीची आहे. साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या साखळ्या तिच्यात बसतात. शहरातल्या एखाद्या शोरूमचा पगारी सेल्समन बॅग घेऊन दारात आला, तर 'आमचे तर दुकान आहे, हे नियम आम्हाला लागू नाहीत' म्हणायला डीलर मोकळा. फसलेले बहुतेक सौदे याच फटीत पडतात.

सदोष मालाचे वेगळे. माल सदोष निघाला किंवा सेवेत त्रुटी असली आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, विक्रेत्याने तो परत घेऊन पैसे द्यायला नकार दिला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापले असले तरी सदोष मालाबाबत त्याला अर्थ नाही. बिलच न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा. म्हणून तक्रार लिहिताना 'नको आहे' आणि 'सदोष आहे' यांची गल्लत करू नये. वस्तूत खरेच दोष असेल तर तोच लिहावा. दाखवताना खोटे सांगितले असेल तर काय सांगितले, ते शब्द लिहावेत.

खोटे कसे सांगितले जाते, त्याचा नमुना म्हणून पाण्याच्या फिल्टरचा डेमो पाहू. सेल्समन दोन पेले मागतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेले आरओचे. विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्राच्या दांड्या दोन्ही पेल्यांत सोडतो आणि बटण दाबतो. मिनिटभरात नळाचे पाणी हिरवट, मग तांबूस, शेवटी काळपट होते आणि वर गाळाचा तवंग येतो. आरओचे पाणी जवळपास तसेच राहते. 'हे तुमची नात रोज पिते,' हे वाक्य ठरलेले. खरी गोष्ट अशी की त्या दांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. पाण्यातल्या साध्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. पेल्यातली घाण पाण्यातली नसून त्या दांडीची असते. आरओच्या पाण्यात क्षार नाममात्र, म्हणून वीज वाहत नाही आणि दांडी झिजत नाही. खात्री करायची असेल तर सेल्समनच्या आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावे. तेही पाणी काळे पडेल. एवढ्यावर बहुतेक जण दांड्या पुसून बॅगेत ठेवतात.

दुसरा खेळ थेंबांचा. बाटलीतले दोन-चार थेंब नळाच्या पाण्यात टाकले की पाणी पिवळे होते आणि त्याला 'विष' म्हटले जाते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जी ओटी टेस्ट करतो, तीच ही. पिवळा रंग क्लोरिन शिल्लक असल्याचे सांगतो, आणि जंतू मारण्यासाठी तो शिल्लक असायलाच हवा. भारतीय मानक १०५००प्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. पिवळे न होणाऱ्या नळाच्या पाण्याची खरी काळजी करावी.

टीडीएस मीटरही तसाच. तो पाण्यात किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो, जंतूंबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्याच मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत मुभा आहे. धरणाचे नळपाणी येणाऱ्या शहरांत आकडा बहुधा ५००च्या बराच आत असतो. तिथे '१८० आलं, धोकादायक!' म्हणणारा एक तर अडाणी असतो, नाही तर बनेल. पाचशेच्या आतल्या पाण्याला आरओ लावू नये, असे राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटले होते. बोअरचे पाणी असेल तर आरओची गरज पडू शकते. पण ते ठरवायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. फिल्टर विकणाऱ्याच्या मीटरवर निर्णय सोडणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता कागदाकडे. दारात मिळणाऱ्या कागदाच्या मथळ्यावर आधी नजर टाकावी. बऱ्याचदा तिथे 'एस्टिमेट', 'कोटेशन' किंवा 'डिलिव्हरी चलन' असते. दिसायला बिल, पण बिल नव्हे. पक्क्या बिलावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, मालाचे वर्णन व संख्या, सूट, कराचा दर आणि सही एवढे हवे. मॉडेल व सीरियल नंबर आग्रहाने लिहून घ्यावा. तोच नंबर यंत्राच्या मागच्या पट्टीवर आणि वॉरंटी कार्डावर आहे का, हे माल उघडतानाच ताडून पाहावे. कर लावला असेल तर १५ जागांचा जीएसटी क्रमांक हवाच. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढच्या दहा जागा म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदलेले नाव दिसते. ते बिलावरच्या नावाशी जुळत नसेल तर पैसे देऊ नयेत. क्रमांक नाही आणि तरीही '१८ टक्के जीएसटी' लावला असेल, तर ते पैसे सरकारकडे जाणारच नाहीत.

पैसे देतानाची मोठी चूक म्हणजे सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर भरणे. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येते ते फर्मचे असावे. व्यक्तीचे नाव आले तर पुढे डीलर म्हणतो, 'तो पोरगा आमच्याकडचा नाही, आम्हाला पैसे मिळालेच नाहीत.' रोख दिल्यास तर पुरावाच संपला. ॲडव्हान्स पाच-दहा टक्क्यांच्या वर देऊ नये. उरलेले पैसे यंत्र बसवून, चालवून पाहिल्यावर द्यावेत.

हप्त्यावर घेताना सेल्समन ग्राहकाचा मोबाइल स्वतःच्या हातात घेतो, दोन-तीन ओटीपी येतात आणि 'झालं काकू' म्हणतो. यातला एक ओटीपी कर्जाच्या कराराचा आणि एक बँक खात्यातून दरमहा हप्ता कापण्याच्या परवानगीचा असू शकतो. 'झिरो टक्के' म्हटले तरी प्रोसेसिंग फी, विमा, एखादे कार्ड यांच्या रकमा त्यात मिसळतात. ओटीपी सांगण्याआधी एसएमएस स्वतः पूर्ण वाचावा, आणि कर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र मागून त्यातला वार्षिक दर व एकूण परतफेड पाहावी. आणखी एक गोष्ट फार जणांना नडते. माल परत झाला म्हणून कर्ज आपोआप रद्द होत नाही. विक्रेत्याला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला वेगवेगळे लिहावे लागते. वित्त कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. रागाने हप्ता थांबवला तर मात्र सिबिल आपलाच बिघडतो.

कुकर, गॅसची शेगडी दारात घेताना आयएसआय खूण आणि तिच्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचे नाव येते. घरगुती कुकरला ही खूण सक्तीची आहे. ९,९९९ ची एमआरपी खोडून २,४९९ ला दिलेला संच पाहून हुरळून जाऊ नये. एमआरपी सरकार ठरवत नाही, कंपनी स्वतः छापते. स्क्रॅच कार्डावर 'बक्षीस' लागले पण ते मिळवायला आधी दोन वस्तू घ्या, हाही अनुचित प्रथेतलाच प्रकार. पॅकबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क नसेल तर तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत वजनमाप्यांच्या ऑफिसात, करायची.

'गॅस कंपनीकडून चेकिंगला आलोय' म्हणणारे तर वर्षभर फिरतात. शेगडी उघडतात, बर्नर बाहेर काढतात आणि 'नळी एक्स्पायर झाली, नाही बदलली तर सिलिंडर बंद होईल' असा दम देतात. नळीची मुदत असते हे खरे. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पण तिच्यावर उत्पादनाचे वर्ष आणि आयएस ९५७३ छापलेले असते, ते आपणच वाचावे. माणसाला दारातच उभे करून गॅसच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरवर फोन लावावा. त्याने स्वतः दिलेल्या नंबरवर नव्हे. एजन्सीने पाठवला नसेल तर शेगडीला हात लावू देऊ नये. वास येत असेल तर गॅसगळतीसाठीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन करावा, नळी विकणाऱ्याची वाट पाहू नये.

फिल्टर घेतल्यानंतर फसवणुकीची दुसरी फेरी सुरू होते. सर्व्हिसला आलेला माणूस यंत्रावर आपल्या नंबरचे स्टिकर चिकटवून जातो. पुढच्या वेळी फोन कंपनीला न जाता त्याला जातो आणि तीन-चार हजारांत 'मेम्ब्रेन बदलले' म्हणून बिल होते. बदलायची गरज होती का, हे दोन मिनिटांत कळते. नळाचा टीडीएस आणि फिल्टरचा टीडीएस दोन्ही मोजायला लावावेत. आत जाताना ६०० आणि बाहेर येताना ६० म्हणजे मेम्ब्रेन नव्वद टक्के क्षार अडवते आहे, धडधाकट आहे. प्रवाह मंदावला असेल तर आधी गाळाचा फिल्टर पाहायचा, तो मेम्ब्रेनच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि कंपनीच्या तक्रार क्रमांकाखेरीज कोणाला आत घेऊ नये.

गावाकडे हाच खेळ बांधावर चालतो. गाडीतून आणलेले 'संशोधित' बियाणे, बिनपरवान्याचे टॉनिक. बियाणे विकायला परवाना लागतो आणि बिलावर वाण व लॉट नंबर हवा. पेरल्यावर पिशवी, त्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी अर्ज द्यावा, म्हणजे पीक शेतात उभे असतानाच पंचनामा होतो. नांगर फिरवल्यावर केलेली तक्रार टिकत नाही.

तक्रारीची वाट अशी. पहिल्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना व्हॉट्सॲप व ई-मेलने लिहावे. उत्तर आले नाही तर १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने, पोच राहील अशी पाठवावी. पत्ता बिलावरचा घालावा. नुसता सेल्समनचा घातला तर तो सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण बड्या कंपन्या तिथल्या तक्रारींना बऱ्यापैकी वचकून असतात. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनी दिल्लीची असली तरी. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षे. अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, नोटीस व तिची पोच, फोटो आणि शपथपत्र. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिल्याच तारखेला कागद पूर्ण असावेत. एकाच भागात अनेक घरांना एकाच टोळीने गंडवले असेल तर ग्राहक हक्कांचे उल्लंघन म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करता येते. ती वाट फार थोड्यांना ठाऊक आहे. 'दागिने उजळून देतो' म्हणणारा मात्र ग्राहक आयोगाचा विषय नव्हे. सोने विरघळवणारे त्याचे द्रावण पाहताच ११२ लावावा.

आता मागणी. युरोपीय संघात दारात झालेला सौदा १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. अमेरिकेत असा सौदा तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती विक्रेत्यानेच द्यायच्या असतात. आपल्याकडे २०२१ च्या नियमांतला ऑर्डर फॉर्म आणि ओळखपत्राची अट केंद्राने दारात होणाऱ्या, समजा दोन हजारांवरच्या, प्रत्येक विक्रीला लावावी. विक्रेता जाळ्यातला असो वा शोरूमचा. वर सात दिवसांची निश्चित मुदत द्यावी. डीलर म्हणतील की भिंतीला भोके पाडून बसवलेला, पाणी लागलेला फिल्टर आम्ही पुन्हा कोणाला विकायचा? मुद्दा रास्त आहे. म्हणून मुदत संपेपर्यंत यंत्र बसवूच नये, खोके सीलबंद राहावे. सात दिवस खोक्यात राहिल्याने फिल्टर नासत नाही. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. दिवाळीच्या आधी परिषदेच्या बैठकीत हा विषय घेऊन तशी शिफारस राज्याकडे पाठवायला त्यांना कोणी अडवलेले नाही.

तोवर एक गोष्ट आजही करता येते. पैसे देण्याआधी ऑर्डर फॉर्मवर किंवा बिलावर पेनाने लिहून घ्यावे: 'सील न तोडलेला माल ७ दिवसांत परत केल्यास पूर्ण रक्कम परत.' खाली तारीख, सेल्समनची सही आणि डीलरचा शिक्का. शिक्का बॅगेत नसेल तर हेच वाक्य डीलरच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मागवावे, आणि ते येईपर्यंत ॲडव्हान्सही देऊ नये.

— ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणारे काही कार्यकर्ते, सातारा